नवव्या मजल्यावरून खाली येण्याचा मुहूर्त

माझा प्रश्न एका ओळीचा होता. लिफ्ट बंद पडली तर मी खाली कशी येणार? एवढाच. पण आमच्या सोसायटीत एका ओळीच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणं म्हणजे अपमान समजतात, त्यामुळे ते उत्तर मिळायला वर्षं गेली, एक आग लागावी लागली आणि एका भल्या माणसाचा घसा सुकावा लागला.

आधी माझं सांगते. माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. त्याबद्दल कुणी हळहळू नये, मला त्यासाठी वेळ नाही. कुबड्या घेऊन मी टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटरची नोकरी केली, लग्न केलं, मुलगी वाढवून बंगळूरला पाठवली, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मनसोक्त भांडले. साठी उलटल्यावर खांदे बोंबलायला लागले तेव्हा कुबड्या माळ्यावर टाकल्या आणि चाकांच्या खुर्चीत बसले. नवरा कोकणातला. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं, आता रिटायर आहेत, हृदयात एक स्टेंट घेऊन फिरतात. चिडले किंवा घाबरले की थेट मालवणीत शिरतात. एरवी आमच्यासारखंच बोलतात.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी बिल्डिंग होती तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. दार उघडलं की रस्ता. मग रीडेव्हलपमेंट झालं, टॉवर आला, आणि कुणाला कुठला मजला ते चिठ्ठ्या काढून ठरलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, मला खालचा मजला द्या, बाकी काही नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिठ्ठी निघाली नवव्या मजल्याची. मी कमिटीकडे बघितलं, कमिटीने वर देवाकडे बघितलं. "काकू, चिठ्ठी म्हणजे त्याची इच्छा. आणि व्ह्यू बघा ना!" व्ह्यू आहे, नाही कशाला म्हणू? मिठागरं दिसतात, पलीकडे खाडी दिसते. खाली उतरायचा रस्ता तेवढा दिसत नाही.

पहिल्या जनरल बॉडीत, खाली पार्किंगमध्ये, समोशांच्या आधी मी हात वर केला आणि प्रश्न विचारला. आग लागली, लिफ्ट बंद झाली, तर मी खाली कशी येणार?

मग आमचे सेक्रेटरी, वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज गोड, केस काळे केलेले, हात जोडून म्हणाले, "काकू, शुभ बोला."

मागून चार बायका म्हणाल्या, हो ना, शुभ बोला. कुणीतरी लाकडाला हात लावायला गेलं. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या.

आता आपल्या लोकांचं हे असंच आहे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. अशा लोकांसमोर मी भर सभेत आग लावली होती. माझा प्रश्न मिनिट्समध्ये सुद्धा घेतला नाही. आवारातल्या वाळलेल्या नारळाच्या झाडाचा आणि पाण्याच्या टाकीचा विषय घेतला. दरवर्षी मी तोच प्रश्न विचारायची, दरवर्षी ते तेच म्हणायचे, आणि पुढे पुढे तर मी हात वर केला की समोसेवाल्याला इशारा जायचा.

मग फायर ऑडिट आलं. ऑडिट करणारा माणूस बिल्डिंग बघून गेला आणि म्हणाला की मॉक ड्रिल करायला हवं, आणि चालता न येणाऱ्या माणसाला जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची असते ती ठेवायला हवी. मी लॉबीत बसून ऐकत होते, मला वाटलं, झालं, सुटले. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी खुर्ची दिली. आईच्या स्मरणार्थ. मागच्या बाजूला पितळी पट्टी, त्यावर मातोश्रींचं नाव, त्याच्या आधी 'कैलासवासी'. जीव वाचवायच्या खुर्चीवर हा पहिला शब्द. पण खुर्ची झकास होती हो. खालून पट्टे असतात तिला, रणगाड्यासारखे, ते पायऱ्यांवर टेकतात, मागे एक माणूस धरतो आणि खुर्ची आपली सरसर खाली. दोन माणसं असली की झालं.

ड्रिल कधी ठेवायचं? सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं. एक तारीख ठरली तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कळवलं की पितृपक्ष आहे. आगीचा विषय पितृपक्षात नको. पुढची तारीख नवरात्रात, उपास असतात, जिने कोण उतरणार. शेवटी ठरलं दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आणि त्या दिवशी नाहीतरी आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतोच, तर खुर्चीची पण करू. सगळ्या ग्रुपने हात जोडले. आग लागल्यावर पळून जायचं, त्यासाठी आमच्या सोसायटीने सोनं लुटायचा दिवस धरला.

मी म्हटलं, चालेल बाबा, मुहूर्त तर मुहूर्त. खुर्चीत मला बसवा, नवव्यावरून खाली आणा, मला कळू दे कसं वाटतं, तुम्हाला कळू दे किती जड जातं.

"छे छे काकू, तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही आमच्या प्रमुख पाहुण्या!" सेक्रेटरी म्हणाले. "आणि देव न करो, तुम्हाला काही लागलंबिगलं तर जबाबदारी कुणाची?"

बघा हं, म्हणजे खरी आग लागेल तेव्हा मला आणायचं, तेव्हा लागलं तर लागलं. सरावात मात्र मी नाजूक. मी भांडले. त्यांनी हात जोडले. या माणसाने माझ्याशी बोलताना इतक्या वेळा हात जोडलेत की तेवढ्या वेळा एखाद्या देवाला जोडले असते तर तो प्रसन्न होऊन तळमजला देऊन गेला असता.

मग खुर्चीत बसणार कोण? इथे खरी गंमत. कुणी तयार होईना. जिमला जाणारे, मॅरेथॉन पळणारे, सगळे मागे सरले. उगाच कशाला अशा खुर्चीत बसायचं, नाट लागते. रोज मी असल्याच खुर्चीत बसते, माझ्या तोंडावर हे बोलले. शेवटी सेक्रेटरींचे जावई दसऱ्याला सासुरवाडीला आले होते, डोंबिवलीहून. हडकुळा, सालस मुलगा. सासऱ्याला नाही म्हणण्याची त्याची टाप नव्हती. सासूबाई मात्र बिथरल्या. "माझ्या जावयाला त्या खुर्चीत? सणासुदीचं?" मग तोडगा निघाला. खुर्चीवर शाल अंथरली. पट्ट्यांना हळदकुंकू, मागे मातोश्रींच्या पट्टीला झेंडूचा हार, पुढे नारळ फोडला. जावई बसले. चार जणांनी त्यांना धरलं, खरं तर दोन पुरतात, पण जावई म्हटल्यावर चार. आणि पहिल्या मजल्यावरून खाली आणलं. पहिल्या! नवव्यावरून का नाही? तर नऊ मजले व्हिडिओ कोण काढणार.

जावई लॉबीत पोचले तेव्हा टाळ्या पडल्या. सासूबाईंनी मीठमोहरीने त्यांची दृष्ट काढली. मग माझा सत्कार. शाल, श्रीफळ, 'आपल्या सोसायटीचं दिव्यांग प्रेरणास्थान' असं सेक्रेटरी माइकवर बोलले. लहानपणी गल्लीतली पोरं मला लंगडी म्हणायची, मी त्यांना कुबडी फेकून मारायची, हिशेब तिथल्या तिथे मिटायचा. दिव्यांग म्हणणाऱ्याला काय फेकून मारायचं?

आणि हे सगळं बघायला मला खाली कशी आणली होती? लिफ्टने. आगीच्या ड्रिलला. मी ते माइकवर सांगितलं. लोक हसले, म्हणाले, काकूंचा सेन्स ऑफ ह्यूमर भारी आहे यार.

ड्रिल झाल्यावर खुर्ची गेली आठव्या मजल्यावर, रेफ्युज एरियात. उंच बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर अशी मोकळी जागा ठेवावीच लागते, आग लागली तर वरच्या लोकांनी तिथे येऊन थांबायचं. आमच्याकडे ती कधीच मोकळी नव्हती. गणपतीचं मखर, सत्यनारायणाचे चौरंग, महाप्रसादाची पातेली, मंडपाचे बांबू, सगळं तिथे. संध्याकाळी पोरं बसून सिगरेटी ओढतात म्हणून पुढे ग्रिल बसवलं होतं आणि ग्रिलला कुलूप. चावी सेक्रेटरींकडे. खुर्ची खराब होऊ नये म्हणून तिच्यावर पुन्हा प्लास्टिक चढवलं, ज्यात ती आली होती तेच, कुणीतरी जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, कुलपाची एक चावी मला द्या. "काकू, एकाला दिली की सगळे मागतात."

आणि आगीचा भोंगा? तो चौथ्या मजल्यावरच्या वास्तुशांतीत, होमाच्या धुराने वाजला होता. भटजी दचकले, मंत्र चुकले, यजमान रागावले. तेव्हापासून भोंगा बंद.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, आमचं जेवण नुकतंच झालेलं, हे पेपर घेऊन आडवे झाले होते. पंखा थांबला. मी म्हटलं, लाइट गेली. मग वास आला, रबर जळल्यासारखा. खालची मीटर रूम पेटली होती आणि तो धूर वायरींच्या डक्टमधून वर येत होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की दाराच्या फटीतून काहीतरी काळसर आत सरकतंय.

दार धडाधड वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. हातात पर्स, देवघरातला बाळकृष्ण, पायात एकच चप्पल. "काकू, आग लागली, चला, चला, चला!"

मग त्यांचं लक्ष माझ्या खुर्चीकडे गेलं. बिचारीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही सावकाश या हं. घाई करू नका."

आणि गेल्या धावत.

मी त्यांना दोष देत नाही. देते. कशाला खोटं बोलू? अजून देते. पण त्या वेळी राग यायलाही फुरसत नव्हती. मी ह्यांना म्हटलं, आठव्यावर जा, ती खुर्ची काढा, एक कुणीतरी माणूस पकडा जिन्यात. हे गेले. जिन्यात माणसं होती, पण सगळ्यांची तोंडं खाली होती आणि पाय त्याहून खाली. हे परत आले ते खोकत, डोळे लाल. ग्रिलला कुलूप. आत प्लास्टिकमध्ये खुर्ची दिसत होती म्हणे, गळ्यात वाळलेला हार तसाच. कुलूप ओढून बघितलं, लाथ मारून बघितली.

मी सेक्रेटरींना फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. माणूस बिझी का होता, तर ग्रुपवर. टुण्‌कन मेसेज आला. 'सर्व सभासद सुखरूप खाली आले आहेत. बाप्पाची कृपा.' त्याखाली हात जोडलेले, फुलं, पणत्या.

मी टाइप केलं, 'आम्ही वर आहोत. नववा मजला.'

त्याखाली पण हात जोडलेले आले. एकाने लिहिलं, 'काळजी घ्या काकू.' एकाने नुसता अंगठा. मग सेक्रेटरींचा मेसेज, 'कृपया ग्रुपवर घबराट पसरवू नये.'

देवाशपथ सांगते, माझ्या आयुष्यात मला लोकांनी खूप काही म्हटलंय, पण धुरात ओला टॉवेल तोंडाला लावून बसलेली असताना 'घबराट पसरवू नये' हे वाचलं ना, त्या क्षणी मी आगीला विसरले. तो माणूस समोर असता तर मी उठून चालत गेले असते.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा खाली."

"नाय."

"अहो, स्टेंट आहे तुम्हाला. धूर जातोय छातीत. जा, आणि खालून चावी पाठवा."

"मी खंयच जावचंय नाय."

मी ओरडले. वाट्टेल ते बोलले. तुम्ही इथे मेलात तर माझं कोण करणार, हे पण बोलले, आणि बोलताना रडू आलं. हे ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबत होते. वर सुद्धा न बघता म्हणाले, "खाली जावन लोकांका काय सांगतलंय? बायलेक वर सोडून इलंय म्हणान? गप ऱ्हव."

म्हणजे प्रेमबीम काही नाही. लोक काय म्हणतील! मला हसू फुटलं, खोकल्यात हसू, हसण्यात रडू. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा इतका राग आला नव्हता आणि ह्यांना सोडून दुसरं कुणी नको असंही कधी वाटलं नव्हतं.

आम्ही गॅलरीत जाऊन बसलो आणि मागे काच लावून घेतली. खाली अख्खी सोसायटी. सगळे मान वर करून आमच्याकडे बघत होते. काही हात हलवत होते, टाटा केल्यासारखे. बरेच जण व्हिडिओ काढत होते. आणि सेक्रेटरींच्या हातात गणपतीतला तो कर्णा होता, मिरवणुकीत 'रांगेत चला' सांगायचा. त्यातून आवाज आला, "काकू, घाबरू नका! आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत!"

नऊ मजले खाली.

मग बंब आला. बंबवाली माणसं वर आली, तोंडावर मुखवटे, पाठीवर टाक्या. एकाने मला विचारलं, इथे उतरवायची खुर्ची आहे का? मी म्हटलं, आहे, एक मजला खाली, कैदेत आहे. त्यांनी कुलूप तोडलं, प्लास्टिक फाडलं, हार बाजूला टाकला आणि मला बसवून कमरेचे पट्टे आवळले. हे मागून, त्यांचाही एक हात कुणीतरी धरलेला. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते इतक्या पटकन झालं की मी रस्ताभर मनात शिव्या देत उतरले. हे इतकं सोपं होतं? इतकं सोपं होतं आणि तुम्ही मला शाल दिलीत?

खाली पोचले, टाळ्या पडल्या. मला पाणी, ह्यांना पाणी, डॉक्टर, सगळं झालं. आग विझली. ह्यांची छाती ठीक होती. मी मोकळ्या हवेत बसले होते आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

कसलं संपलं! मीटर रूमची राख झाली होती. लाइट नाही, लिफ्ट नाही, दोन दिवस तरी नाही. संध्याकाळ व्हायला लागली तशी माणसं जिना चढून घरी निघाली. जाताना प्रत्येकजण म्हणायचा, "काकू, आमच्याकडे या ना." पाचवा मजला, सातवा, बारावा. त्या खुर्चीचे पट्टे खाली येतात, वर जात नाहीत. हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मला खाली कसं आणायचं यावर इतकी वर्षं भांडण झालं, वर कसं न्यायचं ते मी सुद्धा विचारलं नव्हतं. आणि माझी स्वतःची चाकांची खुर्ची नवव्यावर, ती ह्यांनी खोकत खोकत जाऊन कुणाच्या तरी मदतीने आणली. तळमजल्यावर संडास एकच, वॉचमनचा, आणि त्याला ही एवढी पायरी.

सेक्रेटरी जवळ आले, वाकले. "काकू, एक सुचवू? दोन दिवस ॲडमिट होता का? ऑब्झर्व्हेशनसाठी. मेडिक्लेम आहे ना?"

बरोबर आहे. चालता येत नाही, म्हणजे हॉस्पिटलात ठेवा. सामान ठेवायला जागा नसली की रेफ्युज एरियात टाकतात, तसं.

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. ऑफिस उघडा."

सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, आत छोटं बाथरूम, कमोडवालं. कमिटीच्या मीटिंगा तिथे होतात. त्यांनी चावी काढली, ही चावी मात्र खिशातच होती. ह्यांनी टेबल सरकवून गादी टाकली. मी आत शिरले आणि बाहेर पडलेच नाही.

लाइट आली, लिफ्ट सुरू झाली. सेक्रेटरी हसत हसत मला न्यायला आले. मी म्हटलं, मी नाही येत. वर गेले की परत अडकणार. ते हात जोडायला लागले, मी म्हटलं हात खाली करा आणि ऐका. रेफ्युज एरिया रिकामा करा. ग्रिल काढा. भोंगा चालू करा. आणि ड्रिल पुन्हा करा, लिफ्ट बंद, जिन्यातल्या लाइट बंद, नवव्या मजल्यापासून. खुर्चीत यावेळी मी बसणार नाही. मी बसून आले आहे. तुम्ही बसायचं.

"मी?"

"तुम्ही. जावई नको."

दोन दिवस त्यांनी काढले. ऑफिसात यायचे, माझी गादी बघायचे, ह्यांचे वाळत घातलेले पंचे बघायचे, फाइल घेऊन जायचे. मीटिंग भरवता येईना. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, काकू ब्लॅकमेल करतायत. मी त्याला हात जोडलेले पाठवले. तिसऱ्या दिवशी मखर आणि पातेली खाली उतरली, ग्रिल निघालं. भोंगा वाजवून बघितला, अख्खी बिल्डिंग दचकली. रविवारची सकाळ ठरली. त्यांच्या मिसेसनी कळवलं की रविवारी अमावास्या आहे. मी उलट विचारलं, आग पंचांग बघून आली होती का?

रविवारी मी लॉबीत, जिन्याच्या तोंडाशी बसले. हे बाजूला उभे. ड्रिलवाले दोघे, कमिटीतलेच, धडधाकट, सेक्रेटरींना घेऊन वर गेले. लिफ्ट बंद केली. जिन्यातले दिवे बंद केले. आमच्या जिन्याला खिडक्या नाहीत, सगळा काळोख. वरून खुर्चीचा खडखड आवाज यायला लागला, मधेच सेक्रेटरींचा, "सांभाळून रे, अरे हळू." मग एक मजला, मग आणखी एक. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू? मी ह्यांना कोपर मारलं. हे हसले.

मग खडखड थांबली. वर दोघांची काहीतरी बोलाबोली. एकाचा हात भरून आला होता बहुतेक, दुसऱ्याचा फोन वाजत होता. पावलं वाजली, एकाची वर, बदली माणूस बघायला असेल, दुसऱ्याची फोनवर बोलत कुठल्या तरी मजल्यावरच्या दारातून बाहेर. दार बंद झालं.

"अरे," जिन्यातून आवाज आला. "कुठे गेलात?"

वरून पट्टा ओढल्याचा खरखराट आला.

"अरे, पट्टा सुटत नाहीये मला. कुठे चाललात रे? मला सोडून जाऊ नका ना."

सेक्रेटरींचा तो गोड आवाज नव्हता तो. मी टेलिफोनवर आयुष्यभर माणसांचे आवाज ऐकलेत. हा आवाज मी ओळखला. माझ्या तोंडून तो कधी बाहेर पडला नाही, एवढाच फरक. मला बरं वाटलं. आणि मग मी चाकं पुढे ढकलली, पहिल्या पायरीला टेकेपर्यंत.

"कुणी आहे का?" पुन्हा आवाज आला, आता अगदी बारीक.

ह्यांनी कठडा धरला आणि छातीवर हात ठेवून पहिली पायरी चढले. मी मान वर केली. काळोखात काही दिसत नव्हतं.

"मी आहे हो खाली," मी जोरात ओरडले.

त्यापलीकडे मला काही करता येण्यासारखं नव्हतं.